पेट स्कॅनमध्ये पेटलेल्या गाठी: कॅन्सर परतलाय की टीबी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लक्षात येईल. आईंचं वय ५३, राहायला डोंबिवली. २०२२ मध्ये डाव्या स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं आणि तेव्हापासून रोज टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. गेले दोन महिने खोकला, संध्याकाळी कणकण, वजन चार किलोंनी उतरलं. पेट स्कॅनमध्ये छातीच्या मधोमध, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना गाठी दिसल्या, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात बारीक ठिपके दिसले. एसयूव्ही, म्हणजे गाठ स्कॅनवर किती उजळली त्याचा आकडा, ११.४. रिपोर्टच्या शेवटी ‘मेटास्टॅसिसची शक्यता अधिक’, म्हणजे कॅन्सर पसरल्याची शक्यता अधिक, असं वाक्य. कॅन्सरच्या डॉक्टरांनी गाठीतून सुईने नमुना घ्यायला सांगितलंय. मामांचं म्हणणं, सुई लावली की कॅन्सर पसरतो. ओळखीतले एक डॉक्टर म्हणतात, हा टीबीच आहे, सरळ गोळ्या सुरू करा. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: हे नुसतं इन्फेक्शन असू शकतं का, आणि सुई टाळता येईल का.

असू शकतं. आणि सुई टाळू नका.

मी पॅथॉलॉजिस्ट. २६ वर्षं मुंबईत हेच काम करतोय. रुग्ण मला क्वचितच भेटतात, मला भेटतात ते त्यांचे तुकडे. त्यामुळे ‘तुकडा तपासा’ असं मी म्हणणारच, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

आधी त्या ११.४ बद्दल, कारण त्या आकड्याने घराघरांतली झोप उडवलेली मी पाहिली आहे. पेट स्कॅनच्या आधी शिरेतून जे देतात ते साखरेसारखंच एक रसायन असतं, एफडीजी. त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला असतो. तो साधारण ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणूनच स्कॅनच्या दिवशी वेळेवर या असा इतका आग्रह असतो. जी पेशी साखर जास्त खाते तिथे हे रसायन साठतं आणि ती जागा पडद्यावर उजळते. कॅन्सरच्या पेशी साखर हावरटासारखी खातात हे खरं. पण जंतूंशी लढायला जमलेल्या पांढऱ्या पेशीही तेवढीच खातात. मशीनला भूक दिसते, कोणाची ते दिसत नाही. टीबीच्या गाठीत एसयूव्ही १५ आल्याचं मी पाहिलंय आणि संथ वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये ३ आल्याचंही. अमुक आकड्याच्या वर कॅन्सर, खाली इन्फेक्शन अशी रेघ आपल्याकडे मारताच येत नाही. देशातलं पहिलं पेट मशीन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. तेव्हापासून मुंबईतल्या रेडिओलॉजिस्टांना ही अडचण पाठ आहे. तरीही रिपोर्टमध्ये ‘मेटास्टॅसिसची शक्यता’ लिहिलं जातं, कारण फॉर्मवर ‘स्तनाचा कॅन्सर, उपचार पूर्ण’ असं लिहिलेलं असतं आणि धोक्याची शक्यता आधी लिहिणं हे त्यांचं कामच आहे. त्यांना दोष देऊ नका. ते वाक्य निकाल म्हणूनही वाचू नका.

आता टीबी. जगात टीबी होणाऱ्या दर चार जणांपैकी साधारण एक भारतातला असतो, आणि मुंबईत गर्दी, दमट खोल्या, बंद खिडक्या यांची कमी नाही. परळच्या कॅन्सर हॉस्पिटलांपासून शिवडीचं टीबीचं हॉस्पिटल टॅक्सीने काही मिनिटांवर आहे; शहराच्या नकाशावर हे दोन आजार शेजारी आहेत आणि शरीरातही बऱ्याचदा शेजारी सापडतात. लहानपणी किंवा तरुणपणी शिरलेले टीबीचे जंतू वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. केमोच्या वेळी, विशेषतः सोबतच्या स्टेरॉइड्समुळे, पहारा ढिला पडतो आणि ते डोकं वर काढतात. खोकला, ताप, वजन उतरणं ही लक्षणं टीबीचीही आणि कॅन्सर परतल्याचीही. त्यामुळे लक्षणांवरून काहीच ठरत नाही.

तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी मात्र मला टीबीकडे, किंवा निदान कॅन्सर नसण्याकडे, झुकवतात. एक, छातीच्या गाठी दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी सारख्या आहेत. दुसरं, ठिपके फुप्फुसाच्या वरच्या भागात आणि बारीक आहेत. स्तनाचा कॅन्सर फुप्फुसात जातो तेव्हा बहुतेक वेळा खालच्या भागात, वेगवेगळ्या आकाराचे गोल गोळे दिसतात. ते ठिपके रेडिएशनमुळे असावेत का, हेही तुमच्या मनात आलं असेल. रेडिएशनचा डाग मुख्यतः शेकलेल्या बाजूला पडतो, आईंची ती बाजू डावी होती. पण हे सगळं झुकणं आहे, निदान नव्हे. नुसतं झुकून मी एकदा सपशेल आपटलोय, ते पुढे सांगतो.

टीबीखेरीज इतरही काही जंतू या वेषांतरात पटाईत आहेत. मुंबईत सर्वांत जास्त फसवणूक तोंडाच्या कॅन्सरमध्ये होते असं माझं मत आहे. तंबाखू, मिश्री, गुटखा यांची मेहेरबानी, आमच्याकडे रोज जबड्याचे तुकडे येतात. रेडिएशन झालेल्या जबड्याला रक्तपुरवठा कमी पडतो. त्यात कोणी दात उपटला की हाड उघडं पडतं, भोवती जखम होते, कडा जाड होतात, दुर्गंधी सुटते. दिसायला हुबेहूब परतलेला कॅन्सर. स्लाइडवर बघावं तर मेलेलं हाड आणि त्यात निळसर गुंडे, कडेने बारीक तंतू फुटलेले, लोकर पिंजून गोळा केल्यासारखे. ॲक्टिनोमायसिस नावाचा जंतू. आपल्या सगळ्यांच्या तोंडात तो असतोच, संधी मिळाली की हाडात घुसतो. त्याला जबडा कापायची नव्हे, पेनिसिलीन गटातली औषधं लांबलचक काळ घ्यायची गरज असते. अर्थात अशाच जखमेच्या तळाशी खरा कॅन्सरही लपलेला असू शकतो. वरवरचा तुकडा खरवडून पाठवला तर आम्हाला फक्त जंतूच दिसतात. म्हणून खोलवरचा तुकडा द्या असं सर्जनना सांगून सांगून माझा घसा बसलाय.

दुसरा एक प्रकार दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरचा. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीने झालं, रुग्ण ठणठणीत घरी गेला, आणि काही आठवड्यांनी पोटावरच्या छोट्या छिद्राच्या जागी टणक गाठ आली. कॅन्सर त्या वाटेने बाहेर आला असं सर्वांना वाटतं, आणि तसं क्वचित होतंही. पण आपल्याकडे यामागे अनेकदा टीबीच्या जंतूचे चुलतभाऊ असतात. ते पाण्यात, मातीत राहतात, आणि नीट निर्जंतुक न झालेल्या उपकरणांतून आत जातात. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना ते दाद देत नाहीत. अशा एका गृहस्थांचा तुकडा माझ्याकडे आला तेव्हा घरच्यांनी गावाकडच्या जमिनीची वाटणीसुद्धा उरकून घेतली होती. माणूस आजही हिंडतो-फिरतो. वाटणीची भांडणंही अजून चालू आहेत असं कळतं.

पोटाच्या बाबतीत बायकांची फसगत फार होते. अंडाशयाच्या कॅन्सरवर उपचार झालेली बाई, पोटात पाणी, रक्तातली सीए-१२५ ही खूण चारशेवर (३५ पर्यंत सामान्य धरतात), सोनोग्राफीत पोटाच्या आवरणावर दाणे. पाहणारा पहिल्याच क्षणी ‘परतला’ म्हणतो. पण पोटाच्या टीबीत हे सगळं जसंच्या तसं होतं. सीए-१२५ हा पोटाच्या आवरणाचा आरडाओरडा आहे, चोर कोण ते तो सांगत नाही. पुरुषांच्या रक्तातल्या पीएसए या खुणेचं तसंच: प्रोस्टेटला साधं इन्फेक्शन झालं तरी तो चढतो. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी ज्यांच्या पिशवीत बीसीजीची लस सोडतात, त्यांच्या प्रोस्टेटमध्ये त्या लसीच्याच जंतूंमुळे कधीकधी गाठी होतात आणि पेट स्कॅनवर त्या लखलखतात. उपचाराने केलेली ही नक्कल मला नेहमीच गमतीशीर वाटते, रुग्णाला अर्थातच वाटत नाही.

बाकीचे झटपट सांगतो. केमोचं पोर्ट (औषध शिरेत सोडण्यासाठी त्वचेखाली ठेवतात ती छोटी डबी) बसवलेलं असेल आणि त्यात जंतू शिरले, तर तिथून गुठळ्या सुटून फुप्फुसात कडेकडेला गोल डाग पडतात, थेट मेटास्टॅसिससारखे. असे डाग आणि थंडी वाजून ताप एकत्र असेल तर आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी. मेंदूतल्या टीबीच्या गाठी, नोकार्डिया आणि टॉक्सोप्लाझ्मा हे जंतू कॅन्सरची नक्कल करतात. मणक्यात साधारण नियम असा की टीबी दोन मणक्यांमधली चकती खातो आणि कॅन्सर ती सोडून हाड खातो, पण अपवाद भरपूर. ॲस्परजिलस आणि इतर बुरशा फुप्फुसात. आणि पश्चिम किनाऱ्यावर, पावसाळ्यात, मधुमेही माणसाला मातीतून होणारा मेलिऑइडोसिस. तो टीबीचीही नक्कल करतो आणि कॅन्सरचीही, नि लॅबमध्ये सवय नसेल तर भलत्याच जंतूचं नाव लागून बाहेर पडतो.

आता माझ्या आपटण्याची गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तरुणाच्या मानेच्या गाठीचा नमुना आला. त्यात ग्रॅन्युलोमा होते. ग्रॅन्युलोमा म्हणजे शत्रूला मारता येत नसेल तर पेशींनी त्याला घातलेला वेढा. टीबीत या वेढ्याच्या मध्यभागी पेशी मरून नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा भाग होतो. या मुलाच्या नमुन्यात तो चोथा नव्हता, जंतूही दिसले नव्हते. मुंबईत ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी, दुसरं काय असणार, असं म्हणून मी ‘टीबीशी सुसंगत’ लिहून मोकळा झालो. एकेटी सुरू झाली. (मुंबईचे डॉक्टर रुग्णासमोर टीबी हा शब्द उच्चारत नाहीत, ‘कोच्स’ म्हणतात, १८८२ मध्ये हा जंतू जगासमोर मांडणाऱ्या रॉबर्ट कोच यांच्या नावावरून. एकेटी म्हणजे कोच्सवरची ट्रीटमेंट.) चार महिन्यांनी गाठ दुप्पट झाली. पूर्ण गाठ काढून पाहिली तर हॉजकिन लिम्फोमा, गाठींचाच एक कॅन्सर. या लिम्फोमाभोवती शरीर बऱ्याचदा ग्रॅन्युलोमाचा वेढा घालतं, आणि सुईने नेमका वेढाच उचलला होता, आतला चोर नाही. मुलगा वाचला. पण ते चार महिने माझ्या खात्यावर आहेत.

म्हणून ओळखीतल्या डॉक्टरांचं ‘गोळ्या करून बघा’ मला मान्य नाही. टीबीच्या गाठी सावकाश विरतात, कधी औषध सुरू झाल्यावर आधी थोड्या फुगतातही. मग दोन महिन्यांनी गाठ तेवढीच राहिली तर काय समजायचं? टीबी नव्हता, की औषधाला न जुमानणारा टीबी आहे? मुंबईत दुसरी शक्यता किरकोळ नाही. शिवाय एक गोष्ट आईंच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे: एकेटीतलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की टॅमॉक्सिफेनची रक्तातली पातळी लक्षणीय उतरते. म्हणजे नसलेल्या टीबीसाठी गोळ्या घेतल्या तर कॅन्सरविरुद्धची ढालच पातळ व्हायची. टीबी खरोखर निघाला तर गोळ्या घ्याव्याच लागतील, पण तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी कळवा. ते टॅमॉक्सिफेनऐवजी काय द्यायचं किंवा रिफाम्पिसिनऐवजी काय चालेल ते ठरवतील. उलट बाजूही तितकीच वाईट. टीबी असताना कॅन्सर समजून केमो आणि स्टेरॉइड सुरू केलं, तर जंतूंना रान मोकळं मिळतं.

रक्ताच्या किंवा त्वचेच्या तपासण्यांनी हा गुंता सुटत नाही. त्वचेवरची मान्टू किंवा रक्ताची क्वांटिफेरॉन पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळतं की टीबीचा जंतू कधीतरी शरीरात शिरला होता. आपल्याकडे तसं फार लोकांचं असतं. आणि रक्तातली अँटिबॉडी पाहून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर तर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली. कोणी तसली चाचणी सुचवली तर लॅब बदला. बेडका पडत असेल तर तो मात्र जरूर तपासा. त्यात जंतू सापडले तर फुप्फुसातल्या ठिपक्यांचा उलगडा होईल. गाठींचा होईलच असं नाही, कारण टीबी आणि कॅन्सर एकाच छातीत एकाच वेळी राहू शकतात.

मामांच्या शंकेबद्दल. सुई लावून कॅन्सर पसरतो ही भीती निव्वळ खुळी नाही. वृषणाच्या गाठीत, अंडाशयाच्या संशयित गाठीत आणि यकृताच्या काही गाठींत आम्ही स्वतःच सुई टाळतो किंवा विचार करून लावतो. छातीतल्या गाठींना हे लागू नाही. ईबस नावाच्या तपासणीत तोंडावाटे बारीक दुर्बीण श्वासनलिकेत नेतात, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, समोर गाठ बघत बघत नलिकेच्या भिंतीतून सुई घालतात. झोपेचं औषध देतात, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. मामांना एवढंच सांगा: जो आजार रक्तातून फिरून छातीत पोचला असेल, त्याला पसरायला आमच्या सुईची वाट बघावी लागत नाही. आणि समजा कॅन्सरच निघाला, तरी सुई वाया जात नाही. परतलेल्या स्तनाच्या कॅन्सरचे हार्मोन आणि हर-टू रिसेप्टर (पेशींतल्या ज्या खुणांवर औषध नेम धरतं त्या) पहिल्यापेक्षा वेगळे असू शकतात, आणि पुढचं औषध त्यावरच ठरतं. २०२२ च्या रिपोर्टवरून आजचं औषध निवडणं म्हणजे जुन्या मापावर ब्लाउज शिवण्यासारखं.

आता या उत्तरातला माझ्या मते सर्वांत उपयोगी भाग: दोन बाटल्या. आपल्याकडे शरीरातून काहीही काढलं की ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकायची सवय हाडीमाशी भिनलेली आहे. मायक्रोस्कोपखाली कॅन्सर शोधायला फॉर्मॅलिन उत्तम. पण ते जंतूंना मारून टाकतं. त्या तुकड्यातून पुन्हा कल्चर होत नाही, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी झटपट चाचणीही भरवशाची राहत नाही. आठवड्यातून एकदा तरी माझ्यावर ही वेळ येते: स्लाइडवर ग्रॅन्युलोमा दिसतात, मी फोन करतो, ‘कल्चरला पाठवलंय ना?’, आणि पलीकडे शांतता. मग रुग्णाला दुसऱ्यांदा टेबलावर घ्यायचं, किंवा सगळ्यांनी मिळून अंदाज बांधायचा. तेव्हा ईबसच्या आधी डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा: एक नमुना फॉर्मॅलिनमध्ये आणि एक साध्या सलाईनमध्ये पाठवणार ना? सलाईनमधल्या नमुन्यावर सीबीनॅट, टीबीचं कल्चर, आणि जमल्यास बुरशी व इतर जंतूंचं कल्चर लिहायला सांगा. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. सीबीनॅटचा निकाल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो, शिवाय रिफाम्पिसिनला जंतू जुमानतो का तेही कळतं. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत धरा. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाही असं मात्र नसतं. गाठीत जंतू थोडे असतात.

तिसरंही एक उत्तर येऊ शकतं, त्याची तयारी ठेवा. ग्रॅन्युलोमा आहेत, चोथा नाही, जंतू नाहीत, कॅन्सरच्या पेशीही नाहीत. कॅन्सर होऊन गेलेल्या काही जणांच्या गाठींमध्ये कोणत्याही जंतूशिवाय सारकॉइड या आजारासारखी प्रतिक्रिया येते. अशा वेळी मी आता ‘टीबीशी सुसंगत’ लिहीत नाही. जे दिसलं ते लिहितो, कल्चर येईपर्यंत थांबा म्हणतो, आणि तीन महिन्यांनी स्कॅन पुन्हा करायला सुचवतो. रिपोर्टवर नाव नसलं की घरचे चिडतात. चिडू द्या.

तपासणीसाठी आठ-दहा दिवस गेले तर आईंचं नुकसान होणार नाही, घाईने काही सुरू करू नका. पायांतली शक्ती जायला लागली, फिट आली, श्वास अडकायला लागला किंवा खोकल्यातून भरपूर रक्त पडलं, तर मात्र एक दिवसही थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. टीबी निघाला तर सरकारी केंद्रात औषधं मोफत मिळतात, खासगी डॉक्टरांनाही रुग्णाची नोंद करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात जमा होतात. डॉक्टरांनी नोंद केली का ते विचारून घ्या.

आणखी एक. २०२२ च्या ऑपरेशनचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड घरी असतील तर ईबसच्या दिवशी सोबत न्या, नसतील तर ऑपरेशन जिथे झालं त्या लॅबकडे अर्ज करून मागवून घ्या. गाठीत संशयास्पद पेशी दिसल्या तर जुन्या गाठीशेजारी ठेवून बघता येतं, आणि माझ्यासारख्याचं अर्धं काम तिथेच होतं. तो ब्लॉक फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, मेण मेच्या उकाड्यातही वितळत नाही. एका आजींनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता. कडेला हळद-कुंकू लागलेलं होतं, पण आतला नमुना उत्तम निघाला.